आईच्या नावाचा पाव

खोटं बोलायचं आम्हाला रीतसर शिकवलेलं आहे. कर खात्यात लागल्यावर दोन आठवड्यांचं प्रशिक्षण असतं आणि त्यातला एक अख्खा दिवस 'गिऱ्हाईक बनणं' या विषयाला दिलेला असतो. दुकानात जायचं, काहीतरी घ्यायचं, पैसे द्यायचे आणि गप्प उभं राहायचं. पावती मागायची नाही. दुकानदारानं आपणहून दिली तर आभार मानून निघायचं, नाही दिली तर खिशातून ओळखपत्र काढायचं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले होते, "कुणी नाव-गाव विचारलं तर ओळखीचंच काहीतरी सांगा. आयत्या वेळी बनवलेल्या नावावर जीभ अडखळते, आणि धंदेवाल्याला ते लगेच कळतं." मी हे वहीत लिहून घेतलं होतं. नऊ वर्षांत या सल्ल्यानं मला कधी दगा दिला नव्हता.

यंदा आमच्या मागे कोचाबांबा शहरातल्या बेकरीवाल्यांचा संघ लागला होता. त्यांचं म्हणणं असं, की मृतांच्या सणाला खोऱ्यातल्या मातीच्या भट्ट्या तीन दिवसांत ढिगानं पाव भाजून देतात, भाजणावळ घेतात आणि पावतीचा एक कपटा फाडत नाहीत. संघानं मंत्रालयाला लिहिलं, मंत्रालयानं आमच्या मुख्य कार्यालयाला, तिथून ते पत्र आमच्या जिल्ह्याला आलं आणि बाल्दिव्हिएसो साहेबांनी ते माझ्या टेबलावर टाकलं. नगरपालिकेला विचारलं तर म्हणे, आमची फी आम्हाला मिळाली, पुढचं तुमचं तुम्ही बघा. भट्टीवाल्यांची संघटना म्हणाली, हा धंदाच नाही, ही रीत आहे. बड्या बेकऱ्यांचे कारभार मी आतून पाहिलेत, त्यामुळे हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आहे हे मला कळत होतं. पण बढतीची यादी डिसेंबरात लागते, हेही मला कळत होतं.

तर एकतीस ऑक्टोबरला पहाटे मी आणि माझा खात्यातला जोडीदार वाल्तेर खोऱ्यातल्या अरानी गावात एका भट्टीपाशी पोचलो. भट्टीवर गिऱ्हाईक म्हणून जायचं तर हातात कणीक हवी. ती मी आदल्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत, एका प्लास्टिकच्या टबात मळली होती. बारा किलो पीठ, अंडी, लोणी, बडीशेप, खमीर. वाल्तेर खुर्चीवर बसून फक्त बोलत होता.

"नेल्वा, नोकरी सुटली तर उपाशी नाही मरायचीस तू."

"तू मरशील. टब धर."

वाल्तेर कोपऱ्यावरच्या टपरीत थांबला आणि मी टब घेऊन एकटीच भट्टीच्या अंगणात शिरले. सहा वाजले होते. पंधरावीस बाया आधीच येऊन बसल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर फडक्याखाली कणीक फुगत होती. मधोमध मातीची घुमटी भट्टी. तिच्या तोंडाशी दोन्या कास्ता, म्हणजे कास्ताबाई, उभी, साठीची, आडव्या बांध्याची, पांढरी उंच टोपी, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. ही भट्टी तिच्या आजीपासूनची. तिनं मूठभर कोंडा आत फेकला, तो तांबूस झालेला बघितला, मान हलवली आणि मग माझ्याकडे वळली.

"कुणासाठी गं, पोरी?"

मी पिठाचं वजन, भाजणावळीचा दर, मुक्कामाचं गाव, सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. ह्याचं नव्हतं.

"बारा किलोचं आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. कुणासाठी विचारतेय. उद्या दुपारी कोण येणारंय तुझ्याकडे?"

उद्या दुपारी बाराला मेलेली माणसं घरी येतात आणि परवा दुपारी परत जातात. त्यांच्यासाठीच तर हा सगळा पाव. अंगणातल्या बाया बोलायच्या थांबून माझ्याकडे बघत होत्या.

"आईसाठी," मी म्हटलं.

"नाव?"

"एलोदिया."

"कधी गेली?"

"मार्चमध्ये."

जीभ जराही अडखळली नाही. आई तिकडे ओरुरोला धडधाकट होती, रविवारीच माझ्याशी फोनवर भांडली होती, आणि इकडे मी तिला मार्चमध्ये मारून मोकळी झाले. तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही. उलट उत्तर वेळेवर सुचलं म्हणून बरंच वाटलं.

"अगं बाई, यंदाचीच!" दोन्या कास्तानं दोन्ही हात छातीशी नेले. "ऐकलंत का गं? नवा आत्मा आहे! हिला पुढे घ्या. हिच्या आईची वाट नवी आहे, तिला उशीर झालेला चालायचा नाही."

आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. बाया उठल्या. कुणी माझा टब उचलला, कुणी लाकडी फळी पुसली. चार अनोळखी बायांनी माझी कणीक आपल्या हातात घेतली आणि तिच्या कबुतरं, शिड्या, सूर्य अशा आकृत्या करायला लागल्या. एका गोळ्याची बाई करायची ठरली. खऱ्या माणसाच्या जागी ठेवायचा तो पाव असतो, त्याला हात, वेण्या, शाल सगळं करतात आणि डोक्याच्या जागी प्लास्टरचा रंगवलेला इवलासा चेहरा बसवतात.

"वेण्या लांब होत्या का आखूड?"

"लांब. कमरेपर्यंत."

"काय आवडायचं तिला?"

"आपी," मी म्हणाले. "जांभळ्या मक्याचं, उकळतं. तोंड भाजलं तरी फुंकर मारायची नाही."

बाया हसल्या. मीसुद्धा हसले. एकदा नाव खरं दिल्यावर बाकीचंही खरंच तोंडातून यायला लागलं. ती हिशेबात कशी पक्की, रस्त्यातून चालताना भिंतीला हात लावत कशी जाते, म्हणजे जायची, माझ्या लग्नात फोटोवाल्याला कसं झापलं होतं. एक बाई त्या पिठाच्या बाईला कमरेपर्यंत वेण्या घालत होती आणि ऐकत होती. तिचं नाव इलारिया. तिचा मुलगा फेब्रुवारीत गेला होता, त्याचे पाव पहाटेच भाजून झाले होते. जायला निघालेली, पण माझ्यासाठी थांबली. वेण्या झाल्यावर तिनं मला मिठी मारली आणि रडायला लागली. अगदी हमसून हमसून.

"पहिलं वर्ष वाईट असतं गं," ती म्हणत होती. "पहिलं वर्ष फार वाईट."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

मग सगळ्यांनी मिळून एलोदियाच्या नावानं प्रार्थना म्हटली. दोन्या कास्तानं लांब दांड्याच्या फळीवरून माझे पाव आत सरकवले. मी चाळीस बोलिव्हियानो पुढे केले. तिनं ते पत्र्याच्या डब्यात टाकले आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी गप्प उभी राहिले. मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं, नियमात तसं आहे. मग डोक्यावरची टोपी काढली. ती वाल्तेरला खूण होती.

वाल्तेर खात्याचं जाकीट चढवून आत आला, तेव्हा बायांना वाटलं पोलीस आहे, कुठे अपघात झाला. मी ओळखपत्र काढलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पावती न दिल्यामुळे आस्थापना सहा दिवस बंद.

"कसली आस्थापना?" दोन्या कास्ता म्हणाली.

"ही भट्टी, बाई."

"नगरपालिकेचा कागद आहे माझ्याकडे. पैसे भरलेत."

"ते वेगळं खातं, हे वेगळं खातं," वाल्तेर म्हणाला.

"सरकार तर एकच ना रे? का तेही दोन आहेत?"

कुणीतरी हसलं. पण लगेच अंगणभर फडक्याखाली फुगत बसलेल्या कणकेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि हसू विरलं. कणीक थांबत नाही. दुपारपर्यंत ती आंबून फुकट जाणार, आणि उद्या बाराला वीस घरांतली मेलेली माणसं रिकाम्या टेबलापाशी येऊन उभी राहणार. एक म्हातारी बाई वाल्तेरच्या हातातल्या 'बंद' लिहिलेल्या कागदाकडे बघत नुसती मान हलवत होती.

शिव्या मिळतील, अंगावर राख फेकतील याची माझी तयारी होती. पूर्वी मिळालं होतं सगळं. मी बंदीचा फॉर्म भरायला घेतला. दोन्या कास्ता माझ्याजवळ आली. ओरडली नाही, रडली नाही.

"बंद कर तू भट्टी," ती म्हणाली. "तुझं काम असेल ते. पण एक सांग. आई खरंच गेली ना तुझी?"

माझं पेन थांबलं. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं, हे मला आजही कळतं. पण ओळखपत्र गळ्यात असताना खोटं बोलायचं नाही, असाही नियम आहे.

"नाही," मी म्हटलं. "आहे. ओरुरोला असते."

भट्टी बंद होणार म्हटल्यावर या बाया चिडल्या होत्या. आता त्या घाबरल्या होत्या, जिवंत बाईला त्यांनी मेलेल्यांच्या वाटेला लावलं होतं. एकीनं क्रूस केला. मघाशी माझा टब उचलून घेणारी बाई आपले हात एप्रनला पुसायला लागली, पुसतच राहिली. आणि इलारिया, तिचा चेहरा मी विसरूच शकत नाही. कुणी थोबाडीत मारल्यासारखी ती उभी होती.

"मी माझ्या पोराचं रडणं तिला दिलं," ती म्हणाली. "माझ्या पोराचं होतं ते."

नऊ वर्षांत मी तीनशेच्या वर दुकानं बंद केली असतील. त्यातल्या एकानंही मला असं काही ऐकवलं नव्हतं.

"दोन्या कास्ता," मी कसंबसं म्हटलं, "आता काय करायचं? म्हणजे, अशा वेळी तुमच्यात काय करतात?"

"काय करतात?" तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "काही करत नाहीत. याला रीत नाही, पोरी. असं आजवर कुणी केलेलंच नाही."

त्यातही वाल्तेरचे नियम चालूच होते. गिऱ्हाईक बनून घेतलेली वस्तू परत करायची आणि पैसे परत घ्यायचे असतात. दोन्या कास्तानं डब्यातले चाळीस काढून माझ्या हातावर ठेवले. पाव घ्यायला मात्र ती तयार होईना.

"जिवंत बाईचा पाव मी माझ्या घरात ठेवू? मला नको."

"बाई, कायद्यानं तो आता तुमचा होतो," वाल्तेर म्हणाला.

"मग कायद्याला खायला घाल."

मला दुसरं काहीच सुचत नव्हतं, म्हणून मी कायद्यातच हात घातला. एक कलम आहे, आम्ही ते कधी वापरत नाही. बंद केलेल्या जागेतही, कच्च्या मालाच्या स्वभावामुळे जे काम अर्धवट सोडता येत नाही, ते पुरं करू द्यावं. मी ते वाल्तेरला वाचून दाखवलं. त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, कागद चिकटवताना जी कणीक आत असेल तेवढीच, नंतर आलेली नाही.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "घरी आणखी कणीक असेल तर घेऊन या. लगेच."

एकही बाई माझ्याशी बोलली नाही. पण गेल्या, आणि टब, परात, बादल्या घेऊन धावत आल्या. वाल्तेरनं कागद लावायला तासभर घेतला, डिंक वाळतोय म्हणाला. दहाच्या सुमारास माझे पाव बाहेर आले. कबुतरं आणि सूर्य बायांनी बाजूला राहू दिले. ती पिठाची बाई तेवढी दोन्या कास्तानं फडक्यात गुंडाळली आणि मला दिली, हात लांब करून, अंतर ठेवून.

गल्लीत आल्याआल्या मी आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बसस्टँडवर लावला, बसमध्ये लावला. मी काही भाबडी बाई नाही. पण कोचाबांबा मागे पडून गाडी घाट चढायला लागली तेव्हा मांडीवरचा पाव अजून कोमट होता आणि मी अजून फोन लावतच होते. मीच तिचं नाव दिलं. मीच महिना सांगितला. वीस बायांकडून तिच्यासाठी प्रार्थना करवून घेतली. वाल्तेर मला स्टँडवर सोडायला आला होता, "वेडेपणा आहे गं हा सगळा," असं म्हणालाही, पण पाव धरायला सांगितला तर हात मागे घेतला त्यानं.

ओरुरोला पोचले तेव्हा पाच वाजले होते. मी रस्ताभर धावले. दार उघडंच होतं.

आई टेबलावरचं काळं कापड नीट करत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "फोन कशाला करत बसतेस? चार्जिंगला लावून भट्टीवर गेले होते मी. सतरा वेळा? लाज नाही वाटत? मला वाटलं कोण मेलं."

मी मटकन खुर्चीत बसले. टेबलाच्या मधोमध बाबांचा फोटो होता, पुढे त्यांच्या आवडीची बिअर, ऊस, कांद्याची पात. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"बाबांसाठी आणलास वाटतं?" तिनं माझ्या मांडीवरचं फडकं उलगडलं आणि हसायला लागली. "अगं, ही तर बाई आहे! बापाला वेण्या घातल्यास?"

हो म्हणून टाकावं, असं क्षणभर वाटलं. सबंध वाट मी हाच विचार केला होता, ती जिवंत असली तर काय सांगायचं. पण ती त्या वेण्यांवरून बोट फिरवत होती. कमरेपर्यंतच्या वेण्या. मी सगळं सांगितलं. भट्टी, दोन्या कास्ता, मार्च महिना. ती ऐकत उभी राहिली. हसू कधी गेलं मला कळलं नाही.

"तुझा बाप मेलेला होता की," ती म्हणाली. "त्याचं नाव का नाही घेतलंस?"

खरोखर, त्या माणसाचं नाव मला सुचलंसुद्धा नव्हतं. आत्ता त्याच्या फोटोसमोर बसून मला ते पहिल्यांदा लक्षात येत होतं.

"कुणी रडलं का माझ्यासाठी?"

"एक बाई रडली. तिचा मुलगा गेलाय फेब्रुवारीत."

"आणि तू?"

"आई, मी ड्यूटीवर—"

"ती रडत होती तेव्हा तू काय करत होतीस, नेल्वा?"

खोटं बोलायचं शिक्षण घेतलेली मी. माझ्याकडे त्या वेळी एकही खोटं नव्हतं.

"तिच्या खांद्यावरून बघत होते," मी म्हटलं. "पैशाच्या डब्याशेजारी पावतीपुस्तक आहे का ते."

आईनं एकदा बाबांच्या फोटोकडे बघितलं. मग ताट आणलं, पाव त्यात ठेवला आणि माझ्यासमोर सरकवला.

"खा."

"आई, मला भूक नाही."

"कुणाच्या टेबलावर हा ठेवता यायचा नाही. कुणाला वाटता यायचा नाही. तू आणलास, तू खा."

ती समोरच्या खुर्चीत बसली. मी पायाकडून सुरुवात केली. पाव चांगला झाला होता, बडीशेप नीट लागली होती. मधेच तिनं मला पाणी दिलं. उठून जाऊ मात्र दिलं नाही. वेण्या संपल्या, दुमडलेले हात संपले, शाल संपली. बाहेर अंधारून आलं तेव्हा ताटात तेवढा प्लास्टरचा रंगवलेला चेहरा उरला. आईनं तो उचलला, शालीच्या टोकानं त्याला लागलेलं पीठ पुसलं आणि माझ्या हातात दिला.

"ठेव जपून," ती म्हणाली. "लागेल तेव्हा माझ्या पावाला हाच लाव. आणि त्या दिवशी रजा काढ."